क्षयजंतूच्या विकरांचा माग

कच्च्या बटाट्याची एक चकती घ्यावी आणि तिच्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन-तीन थेंब टाकावेत. क्षणात पांढरा फेस उसळतो. हा प्रयोग अनेक शिक्षक वर्गात करून दाखवतात. बटाट्याच्या पेशींत कॅटालेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते पेरॉक्साइडचे विघटन करून पाणी आणि ऑक्सिजन तयार करते, आणि फेस दिसतो तो या ऑक्सिजनमुळे. विकराचा एकच रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडू शकतो, म्हणून डोळ्यांना न दिसणारे विकर फेसाच्या रूपाने लगेच दिसते.

हाच प्रयोग एकेकाळी क्षयाच्या जंतूंवर करण्यात आला होता. त्यात जे दिसले त्याची हकिकत पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. ती अजून पुरी झालेली नाही, आणि ती पुरी होण्याची वाट ज्या वस्त्यांत पाहिली जात आहे त्यांपैकी एक मुंबईतच, हार्बर मार्गावरच्या गोवंडी स्टेशनच्या आसपास आहे.

गोवंडी, देवनार, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द हा सारा पट्टा महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागात मोडतो. १९२७ सालापासून शहराचा कचरा जिथे टाकण्यात आला ते देवनारचे क्षेपणस्थान याच भागातले. मुंबईच्या २००९ सालच्या मानवी विकास अहवालात शहरातील सर्व विभागांत हा विभाग तळाला होता. झोपड्यांतून हलवलेल्या कुटुंबांसाठी इथे ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांत इमारती एकमेकींना खेटून आहेत. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड ही नावे मुंबईकर शिक्षकांना परिचित असतील. या दोन वसाहती आणि तुलनेने मोकळी अशी तिसरी वसाहत यांचा अभ्यास झाला, तेव्हा ऊन-वारा कमी तिथे क्षय जास्त हे जुने सूत्र पुन्हा दिसून आले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी एमएसएफ या आंतरराष्ट्रीय डॉक्टरांच्या संस्थेने गोवंडीतच दवाखाना चालवला, यावरून इथल्या आजाराचे स्वरूप लक्षात यावे.

खोकणारा माणूस थुंकीचा नमुना देतो तेव्हा दोन प्रश्न विचारले जात असतात. क्षय आहे का? आणि असल्यास कोणते औषध लागू पडेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकातून मिळू शकते. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतू जगापुढे ठेवला आणि लवकरच त्याला रंगवण्याची रीतही बसली. मात्र एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय तो असा दिसत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी जंतू वाढवावा लागतो, म्हणजे त्याचे संवर्धन करावे लागते. आपल्या आतड्यातला जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयजंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो, त्यामुळे उत्तर यायला आठवडे जातात.

तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात. हे अंदाज कसे असत? १९९१ साली डॉ. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी मुंबईतील खाजगी डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. शंभर डॉक्टरांनी क्षयावर ऐंशी निरनिराळे उपचार लिहिले होते. २०१० साली डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीत तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ डॉक्टरांकडून ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या आल्या आणि त्यांतल्या फक्त सहा बरोबर होत्या. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०११ मध्ये, हिंदुजा रुग्णालयातील याच गटाने चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या जंतूंवर तपासलेल्या औषधांपैकी एकही चालत नव्हते. या आजाराला काय म्हणावे यावर मोठा वाद झाला. चुकीचे किंवा अपुरे औषध देत राहिले तर जंतू काय करतो हे मात्र साऱ्यांना कळले.

आता आपल्या विकराकडे येऊ. आयसोनियाझिड हे क्षयावरचे स्वस्त आणि प्रभावी औषध १९५२ साली वापरात आले आणि थोड्याच काळात त्याला न जुमानणारे जंतू आढळू लागले. १९५४ साली अमेरिकेतील गार्डनर मिडलब्रुक यांनी एक चमत्कारिक निरीक्षण नोंदवले. या औषधाला बळी पडणाऱ्या जंतूंच्या वसाहतीवर पेरॉक्साइड टाकले तर बुडबुडे येत, आणि औषधाला अजिबात दाद न देणाऱ्या अनेक वसाहतींवर ते येतच नसत. म्हणजे औषधापासून वाचलेल्या या जंतूंनी आपले कॅटालेज गमावलेले होते. मद्रासला १९५६ साली निघालेल्या क्षय संशोधन केंद्रातही पुढे भारतीय आणि ब्रिटिश रुग्णांकडून मिळालेल्या जंतूंची पेरॉक्साइडपुढची सहनशक्ती ताडून पाहण्यात आली.

विकर गमावल्याने जंतू वाचतो कसा? याचा उलगडा व्हायला १९९२ साल उजाडावे लागले. लंडन आणि पॅरिस येथील संशोधकांनी दाखवले, की कॅटालेजचे जनुक काढून घेतले की आयसोनियाझिड निष्प्रभ होते. हे औषध म्हणजे खरे तर बंद पुडी आहे. ती पुडी उघडण्याचे काम जंतूचेच कॅटालेज करते आणि स्वतःचा घात करून घेते. ज्या जंतूने ते विकर टाकून दिले त्याच्या पोटात पुडी बंदच राहते. याची किंमत त्याला मोजावी लागते, कारण आपल्या पांढऱ्या पेशी जंतूवर पेरॉक्साइडचाच मारा करतात. कॅटालेज नसलेले जंतू गिनीपिगमध्ये दुबळे ठरतात ते यामुळेच.

मग बुडबुड्यांची ही सोपी चाचणी दवाखान्यात का रुजली नाही? इथे जंतूची हुशारी दिसते. क्षयजंतूचे कॅटालेज ही ७४० अमिनो आम्लांची साखळी असते. तिच्या ३१५ व्या जागी सेरीन असते. तिथे थ्रिओनिन आले की विकर पेरॉक्साइड फोडत राहते, पण औषधाची पुडी मात्र उघडत नाही. रुग्णांमध्ये नेमका हाच बदल सर्वांत जास्त आढळतो. फेस येतो, आपण निर्धास्त होतो, आणि औषध चालत नाही.

दुसऱ्या एका औषधाची कथा अशीच सुरू झाली, पण वेगळ्या ठिकाणी पोचली. पायराझिनामाइड हेही बंद पुडीसारखेच. ते पायराझिनामिडेज या जंतूच्या विकराने उघडते आणि त्यातून पायराझिनोइक आम्ल तयार होते. हे विकर आणि औषधाचा गुण यांचे नाते १९६७ साली दाखवले गेले. १९७४ साली लॉरेन्स वेन यांनी त्यासाठी एक साधी परीक्षा दिली. नळीतल्या औषधमिश्रित आगारवर भरपूर जंतू पेरायचे, काही दिवस ऊब द्यायची आणि वरून फेरस अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतायचे. गुलाबी पट्टा आला तर विकर आहे, म्हणजे औषध लागू पडेल. या विकराचे जनुक १९९६ साली ओळखले गेले. त्यात बिघाड होतो तो एका ठरावीक जागी होत नाही, जनुकाच्या ५६१ अक्षरांत कुठेही होऊ शकतो. त्यामुळे दोन-चार जागा वाचून निकाल देणाऱ्या जनुकीय चाचणीचा इथे निभाव लागत नाही. जनुक कुठेही बिघडो, विकर काम करते की नाही, एवढेच विचारणे सरळ पडते.

आजाराची खूण म्हणून विकर मोजणे ही काही क्षयापुरती गोष्ट नाही. १९०८ साली जर्मनीत वोल्गेमुट यांनी स्वादुपिंडाच्या विकारासाठी अमायलेज मोजण्याची रीत दिली. १९५४-५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात वाढणारे एक विकर सापडले. आज लोक एसजीओटी म्हणून ज्याचा उल्लेख करतात तेच ते. त्याचे भावंड एसजीपीटी क्षयरुग्णांच्या ओळखीचे असते, कारण क्षयाच्या औषधांनी यकृताला इजा होते आहे का हे त्यावरून पाहतात. छातीत पाणी झालेल्या रुग्णाच्या कागदावर एडीए ही तीन अक्षरे असतात. अ‍ॅडिनोसिन डिअमिनेज या विकराचा क्षयाशी संबंध १९७८ साली इटलीतील पिरास आणि सहकाऱ्यांनी दाखवला. हे विकर अमोनिया मोकळा करते, आणि फिनॉल व हायपोक्लोराइट घातल्यावर त्या अमोनियाचा निळा रंग येतो. मुंबईतल्या साध्या प्रयोगशाळाही ही तपासणी करतात. पण हे विकर जंतूचे नव्हे, आपल्याच लिम्फोसाइट पेशींचे. जंतूला कोणते औषध चालेल याबद्दल ते काहीच सांगू शकत नाही.

इथवर सारे काम परीक्षानळीत चालले. विकर एखाद्या पट्टीवर किंवा विद्युतअग्रावर बसवून त्याचे उपकरण करण्याची कल्पना १९६२ सालची. लेलँड क्लार्क यांनी ग्लुकोज मोजण्यासाठी असे उपकरण सुचवले आणि मधुमेही घरी वापरतात त्या यंत्रांची सुरुवात तिथून झाली. यालाच जैवसंवेदक म्हणतात. गोवंडीच्या पुढचे स्टेशन मानखुर्द, तिथून जवळच अणुशक्तीनगर आणि पलीकडे तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथे डॉ. एस. एफ. डिसूझा यांच्या गटाने विकरे आणि जंतू आधारावर बांधून ठेवण्याचे काम वर्षानुवर्षे केले. २००६ साली या गटाने काचतंतूंच्या गाळणकागदावर जंतू बसवून मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक ओळखणारा संवेदक प्रसिद्ध केला. जंतूतले विकर कीटकनाशक फोडते आणि पिवळे पॅरा-नायट्रोफिनॉल दिसू लागते. २०१७ साली त्याच केंद्रातून जंतू आणि सिलिकाचे अब्जांश कण यांची सांगड घातलेला संवेदक आला. अब्जांश म्हणजे नॅनो, मीटरच्या अब्जाव्या भागाच्या मापातले. कण जितके बारीक, तितका त्याच वजनाच्या पदार्थाचा पृष्ठभाग जास्त, आणि त्यावर बसणाऱ्या जंतूंना व विकरांना जागाही जास्त.

इथे एक भेद मुलांना आवर्जून सांगावा. ग्लुकोजच्या किंवा कीटकनाशकाच्या संवेदकात विकर हे शिकारी असते. क्षयात विकर हीच शिकार आहे, म्हणून संवेदकाची रचना उलटी करावी लागते. विकरासमोर आमिष ठेवायचे आणि ते त्याने तोडले की काहीतरी दिसले पाहिजे.

असे आमिष करायला सोने फार सोयीचे. सोन्याचे सुमारे तेरा नॅनोमीटरचे कण पाण्यात पसरले की ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२०-२१ मध्ये कोव्हिडच्या घरगुती पट्टीवर उमटलेली लालसर रेघ आठवते? बहुतेक पट्ट्यांत ती असल्याच कणांची होती. हेच कण एकमेकांना चिकटले की रंग निळा-जांभळा होतो. २००६ साली इटलीतील पादुआ येथील संशोधकांनी या रंगबदलावर प्रथिने तोडणाऱ्या विकरांची परीक्षा बेतली. आमिषाची साखळी अखंड असेल तर ती कणांना एकमेकांशी जोडते आणि निळा रंग येतो. विकराने ती तोडली असेल तर कण सुटे राहतात आणि लाल रंग टिकतो. पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या गटाने बीटा-लॅक्टमेज या विकरासाठी सोन्याच्या कणांची परीक्षा दिली.

बीटा-लॅक्टमेज म्हणजे पेनिसिलीन फोडणारे विकर. ते १९४० साली अब्राहम आणि चेन यांनी ओळखले, तेव्हा पेनिसिलीन दवाखान्यात पोचलेही नव्हते. क्षयजंतूकडे त्याचा एक स्वतंत्र प्रकार असतो, त्याला ब्लासी म्हणतात. पेनिसिलीन क्षयावर न चालण्याचे ते एक मोठे कारण. २०१२ साली अमेरिकेत जियांगहोंग राव आणि जेफ्री सिरिलो यांच्या गटांनी ब्लासीसाठी खास आमिष तयार केले. तोडले गेले की ते प्रकाशू लागते. इतर जंतूंच्या बीटा-लॅक्टमेजला ते सहज तोडता येऊ नये म्हणून त्याच्या अंगाला एक मेथॉक्सी गट जोडला होता. थुंकीत शंभराहून कमी जंतू असले तरी काही मिनिटांत ते कळत होते. सूक्ष्मदर्शकाचे पाच-दहा हजार आठवा, म्हणजे फरक ध्यानात येईल.

यानंतर तरी ही परीक्षा गोवंडीच्या दवाखान्यात यायला हवी होती. रोजच्या वापराची चाचणी त्यातून अजून झालेली नाही. या विषयावरचे शोधनिबंध मी नेहमी वाचतो. त्यांत अतिसूक्ष्म प्रमाणही ओळखल्याचे आकडे असतात, पण पुष्कळदा ते स्वच्छ, गाळलेल्या द्रावणातले असतात. थुंकी हा चिकट, घट्ट पदार्थ आहे. त्यात तोंडातल्या इतर जंतूंची विकरे असतात. त्यातली प्रथिने सोन्याच्या कणांभोवती थर धरतात, आणि मग जे कण एकमेकांना चिकटायला हवेत ते चिकटत नाहीत. माझ्या मते संवेदक आणखी नाजूक करण्यापेक्षा थुंकी हाताळण्याचे काम जास्त अवघड आणि जास्त निकडीचे आहे. पण त्या कामाला मान कमी मिळतो.

घाईने बाजारात आणलेल्या चाचणीने काय होते हेही आपण पाहिले आहे. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षय सांगणाऱ्या चाचण्या भारतात वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. त्या सोप्या होत्या आणि त्यांचा कागद हातात लगेच मिळे. निदान मात्र भरवशाचे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्यांच्या विरोधात शिफारस केली आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांवर बंदी घातली.

दरम्यान शर्यत जिंकली ती जनुके वाचणाऱ्या चाचण्यांनी. जनुकाच्या प्रती यंत्रात हव्या तितक्या वाढवता येतात, विकराच्या नाही. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली एक्स्पर्ट चाचणी दोन तासांच्या आत क्षय आहे का आणि रिफॅम्पिसिन चालेल का हे सांगते. बंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेत आकाराला आलेली आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने बाजारात आणलेली ट्रूनॅट विजेरीवर चालते. तिला २०२० साली तीच मान्यता मिळाली. गंमत अशी, की रिफॅम्पिसिनचा निकाल देताना या दोन्ही चाचण्या वाचतात ते जनुकही एका विकराचेच, आरएनए पॉलिमरेजचे असते. या यंत्रांनी उपचार लवकर आणि अचूक सुरू होऊ लागले, हे निर्विवाद. पण पायराझिनामाइडचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. शिवाय मेलेल्या जंतूंचे डीएनए थुंकीत बराच काळ राहते, त्यामुळे चालू असलेला उपचार लागू पडतो आहे का हे त्यांच्यावरून ठरवता येत नाही. विकर बव्हंशी जिवंत जंतूच्या कामाची बातमी देते, म्हणून त्याचा माग सोडून चालणार नाही.

मात्र त्यात एक अडचण मुळातलीच आहे, आणि ती बटाट्यावरच समजावता येते. तीन वाट्या घ्याव्यात. एकीत कच्चा बटाटा, दुसरीत चांगला उकडून गार केलेला बटाटा, तिसरी रिकामी. मुलांना आत काय आहे ते न दाखवता तिन्हींत पेरॉक्साइड घालावे आणि फक्त फेसावरून ओळखायला सांगावे. पहिली वाटी सगळे ओळखतात. दुसरी आणि तिसरी कोणालाच वेगळी काढता येत नाही. उकडल्याने विकर नष्ट झाले आहे, आणि रिकाम्या वाटीत ते कधी नव्हतेच. औषधाला न जुमानणारा जंतू हा उकडलेल्या बटाट्यासारखा असतो. त्याच्याकडे पायराझिनामिडेज नाही, म्हणून रंग येत नाही. पण रंग न येण्याचे कारण थुंकीत जंतूच नाहीत हेही असू शकते. संवेदक कितीही नाजूक केला तरी ‘नाही’ या उत्तराचे हे दोन अर्थ वेगळे होत नाहीत. त्यासाठी शेजारी दुसरी खूण लागते, जंतू आहे असे सांगणारी. ब्लासी ती खूण होऊ शकेल असे मला वाटते. एका पट्टीवर दोन रेघा, एक ब्लासीची आणि एक पायराझिनामिडेजची. पहिली उमटली आणि दुसरी उमटली नाही, तरच औषध बदलायचे.

दोन खुणा एकत्र आणण्याचा एक प्रयत्न २०१८ साली झाला, वेगळ्या हेतूने. राव यांच्याच गटाने प्रकाशणारे नवे आमिष केले. त्याला ब्लासीने तोडावे लागते आणि मग डीपीआरई-एक नावाच्या दुसऱ्या विकराने ते धरून ठेवावे लागते. दोन्ही झाले तर एकेक जिवंत क्षयजंतू सूक्ष्मदर्शकाखाली उजळतो आणि मेलेला अंधारात राहतो. उपचाराचा गुण येतो आहे का हे पाहायला नेमके हेच हवे. गोवंडीतल्या औषधप्रतिरोधक क्षयाच्या रुग्णाची थुंकी मात्र ठरावीक अंतराने संवर्धनासाठीच पाठवावी लागते. जंतू असतील तर द्रव माध्यमात ते कधी आठ-दहा दिवसांतही वाढतात. त्यात काहीच वाढले नाही असे लिहून देण्यासाठी प्रयोगशाळेला बेचाळीस दिवस थांबावे लागते.